कॉम्प्युटरमधलं कळणारे काका

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदे उपविधींनुसार भरली जातात, आणि बहुतेक ठिकाणी ती घ्यायला कोणी तयार नसते; परंतु याच संस्थांमध्ये आणखी एक पद असे असते की ज्याचा उल्लेख कोणत्याही उपविधीत नाही, ज्यासाठी सर्वसाधारण सभा भरत नाही आणि ज्याचा राजीनामा देण्याची सोय नाही. ज्यांना ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशा काकांचे हे पद होय. त्यावरील नेमणूक एखाद्या किरकोळ घटनेतून होते. उदाहरणार्थ, फार पूर्वी शेजाऱ्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काकांनी न फाडता ओढून काढलेला असतो, आणि तेवढ्या भांडवलावर पुढे इमारतीतील प्रत्येक बंद पडलेला लॅपटॉप, प्रत्येक विसरलेला पासवर्ड आणि क्वचित मिक्सरसुद्धा त्यांच्या दारात येऊ लागतो.

या वर्गाची पूर्वपीठिका पाहिली असता तिचे दोन प्रवाह दिसतात. त्यांतील एक प्रवाह एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमातून, म्हणजे बहुधा वेतनवाढ रोखली जाऊ नये या उदात्त प्रेरणेतून आलेला असून तो मुळातच उथळ असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही. दुसरा आणि अधिक मुरलेला प्रवाह बँकांचा आहे. बँकांच्या शाखांत यंत्रे कशी आणावीत हे सुचवणारा डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतर शाखाशाखांत ‘एएलपीएम’, म्हणजे खातेवहीतील नोंदी पेनाऐवजी कळफलकावर करण्याची यंत्रे, दाखल झाली. त्या काळी युनियनचा विरोध आणि स्वतःची भीती बाजूला ठेवून जे कारकून त्या यंत्रापुढे बसले, तेच आजचे काका होत. त्यांच्या आयुष्यातील सर्वोच्च क्षण ३१ डिसेंबर १९९९च्या रात्रीचा असतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले असल्यामुळे २००० साल उजाडताच यंत्रांना ते १९०० वाटेल आणि व्याजाचे हिशेब शतकभर मागे जातील, अशी धास्ती तेव्हा जगभर होती. काका त्या रात्री शाखेत जागत बसले होते आणि पहाटेपर्यंत काहीही झाले नाही. काहीही न झाल्याचे श्रेय त्यांनी तेव्हापासून आजतागायत सोडलेले नाही.

काकांकडे येणाऱ्या प्रकरणांपैकी सर्वांत चिवट, आणि म्हणूनच त्यांना सर्वांत प्रिय, प्रकरण म्हणजे अपडेट अर्धवट राहिल्यामुळे सुरूच न होणारा जुना लॅपटॉप. लॅपटॉप चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, म्हणजे बहुतेक घरांत विंडोजच्या, काही फायली काढून त्यांच्या जागी दुरुस्त केलेल्या फायली बसवणे याला अपडेट म्हणतात. ही क्रिया चालू असताना प्रणाली धड जुनी राहिलेली नसते आणि धड नवीही झालेली नसते, म्हणूनच ‘संगणक बंद करू नका’ अशी विनवणी पडद्यावर येते. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ पासून आपली सुरक्षाविषयक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करते. त्या वेळी भारतात मंगळवारची रात्र असल्यामुळे घरोघरच्या लॅपटॉपवर ती उतरायला बुधवार-गुरुवार उजाडतो. आणि पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार वर्षानुवर्षे गुरुवार आहे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असते व तो केवळ चार्जरच्या वायरीवर तग धरून असतो, त्यामुळे अमेरिकेतला मंगळवार आणि पुण्यातला गुरुवार यांची गाठ जिथे पडते, तिथे काकांना बोलावणे येते.

अर्थात प्रत्येक वेळी दोष विजेचा नसतो. जुन्या लॅपटॉपमध्ये माहिती फिरत्या तबकडीवर साठवणारी हार्ड डिस्क असते आणि नव्या यंत्रांतील एसएसडीवर, म्हणजे काहीही न फिरणाऱ्या साठवणीवर, जे काम चहा होईपर्यंत उरकते, त्याला या तबकडीवर अख्खी दुपार लागू शकते. तेवढा धीर मालकाजवळ नसतो, आणि तो नव्हता हे कबूल करण्याचे धैर्यही नसते. त्यामुळे काकांच्या तपासणीचा आरंभ लॅपटॉपपासून न होता मालकाच्या जबानीपासून होतो. ‘काय केलं होतंत?’ या प्रश्नाला ‘काहीच नाही हो, आपोआप झालं’ हे उत्तर ठरलेले असते. कसलेले काका ते खोडून न काढता शांतपणे विचारतात, ‘बरं, काहीच न करण्याच्या आधी काय केलं होतंत?’ आणि मग हळूहळू असे निष्पन्न होते की आकडा तीस टक्क्यांवर अडकला होता, तो ‘खूप वेळ’ अडकला होता, खूप वेळ म्हणजे एका मालिकेचा एक भाग संपेपर्यंत, आणि त्यानंतर बंगळूरच्या चिरंजीवांनी फोनवर ‘बंद करून चालू करा’ असे सांगितल्यावरून पॉवरचे बटण दाबून धरण्यात आले होते. यंत्राने आपल्या पोटात साठवलेल्या नोंदी काकांना क्वचितच वाचता येतात. माणसाने लपवलेल्या मात्र ते बिनचूक वाचतात, आणि त्यांच्या यशाचा मोठा भाग या दुसऱ्या विद्येवर उभा आहे.

यानंतरची उपचारपद्धती ठरीव क्रमाने चालते. प्रथम चार्जर व बॅटरी काढून पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरले जाते, ज्यायोगे सर्किटमध्ये उरलेला विद्युतभार निघून जावा. या काळात काका डोळे मिटून मनातल्या मनात आकडे मोजतात आणि घरातील मंडळी विनाकारण उभी राहतात. मग लॅपटॉप पालथा करून त्याची रॅम, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी पट्टी, बाहेर काढली जाते आणि तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासले जातात. हा उपाय दातांवर मळ साचून डिस्प्ले येत नसेल तर खरोखरच गुणकारी आहे. अर्धवट अपडेटशी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही, तरीही तो वगळल्यास काकांना पुढे हात चालवणे जमत नाही. स्क्रूंबाबत मात्र ते कमालीचे काटेकोर असतात. लॅपटॉपचे स्क्रू दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असतात, आणि आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला तर वरच्या बाजूला, नेमका मनगट टेकते तिथे, उंचवटा येतो. म्हणून काका एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवतात. हा पुठ्ठा बहुधा कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा असतो.

खरा चमत्कार यापुढे घडतो. विंडोज सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसले तर ती आपण होऊन दुरुस्तीचा कक्ष उघडते, म्हणजे असा पडदा आणते की जिथून अलीकडचे अपडेट काढून टाकता येते किंवा ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे केवळ अत्यावश्यक भागांवर, प्रणाली चालवून पाहता येते. हा कक्ष मुद्दाम उघडायचा तर प्रयत्न मुद्दाम फसवावे लागतात; सबब काका लॅपटॉप चालू करतात, कंपनीचे चिन्ह उमटताच पॉवरचे बटण दाबून धरून तो बंद पाडतात, आणि हेच पुन्हा पुन्हा करतात. ज्या कृत्याबद्दल दहा मिनिटांपूर्वी मालकाची खरडपट्टी निघाली होती तेच कृत्य आता मालकाच्या डोळ्यांदेखत उपचार म्हणून चाललेले असते, आणि दोहोंतील फरक विचारण्याची मालकाची छाती होत नाही. त्याआधी काका एफ-८ हे बटण भक्तिभावाने दाबून पाहतात, हेही नोंदवले पाहिजे. या बटणाने सेफ मोड मिळण्याची सोय २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून बंद ठेवण्यात आली आहे, आणि हे काकांना ठाऊकही आहे. परंतु देऊळ दुसरीकडे हलवले तरी जुन्या पारावर हात जोडणारी माणसे असतातच.

दुरुस्तीच्या कक्षातून काळ्या खिडकीत, म्हणजे माउसविना केवळ लेखी आज्ञा देण्याच्या जागी, शिरल्यावर काका बँकेची जुनी डायरी उघडतात. तीत प्रत्येक आज्ञा निळ्या बॉलपेनने लिहिलेली असून तिच्यापुढे ‘रेघ : प्रश्नचिन्हाखालची’ असा खुलासा असतो, कारण उलट्या बाजूने कललेली रेघ दिल्यास यंत्र आज्ञा ओळखत नाही. या ठिकाणी नवशिके हमखास फसतात ते ड्राइव्हच्या अक्षरांमुळे. एरवी ज्या कप्प्याला ‘सी’ म्हणतात तोच दुरुस्तीच्या कक्षात ‘डी’ असू शकतो, त्यामुळे भलताच कप्पा तपासला जातो, तो निर्दोष असल्याचा निर्वाळा मिळतो आणि लॅपटॉप पूर्ववत बंद राहतो. काका मात्र आधी कप्प्यांची यादी मागवतात. पुढे सुरुवातीच्या नोंदी नव्याने लिहिण्याच्या आज्ञेला यंत्राने ‘परवानगी नाही’ असे उत्तर दिले तर ते खचत नाहीत. आयुष्याची पस्तीस वर्षे त्यांनी हेच उत्तर विभागीय कार्यालयाकडून ऐकलेले असते.

दुकानातील तंत्रज्ञ हा काकांचा प्रतिपक्ष होय. तो लॅपटॉप उघडायच्या आतच ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगतो. फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करून सगळी प्रणाली नव्याने बसवणे. ‘डेटा जाईल, चालेल ना?’ या त्याच्या प्रश्नावर मालक उत्तरतो, ‘डेटा काही नाही हो, नुसत्या फायली आहेत.’ यंत्रापुरते पाहिले तर दुकानदाराचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते, तासाभरात काम होते आणि लॅपटॉप पूर्वीपेक्षा हलका पळतो. पण त्या लॅपटॉपच्या मालकाला लॅपटॉप नकोच असतो, त्याला त्या नुसत्या फायली हव्या असतात, आणि ही गोष्ट दुकानदाराला ठाऊक नसते व मालकालाही फॉरमॅट झाल्यानंतरच कळते. काकांचे मोठेपण येथे आहे. ते पेनड्राइव्हवर लिनक्स ही वेगळी प्रणाली भरून लॅपटॉप तिच्यावर चालू करतात, म्हणजे आतली विंडोज आजारी असली तरी डिस्कवरचे सारे जसेच्या तसे दिसू लागते : मुलीचा स्थळांसाठीचा बायोडाटा, जो तिला आता मुलगा झाला तरी काढलेला नाही, मुंजीचे फोटो, ‘न्यू फोल्डर’च्या पोटातला न्यू फोल्डर, आणि संस्थेची जुनी इतिवृत्ते.

इतिवृत्तांबाबत काकांची सावधगिरी अभ्यासण्याजोगी आहे. युनिकोड, म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होत असे. त्यांतील फाँटांच्या व्यवस्थेत यंत्र बहुधा रोमन अक्षरांचे व चिन्हांचेच क्रमांक साठवी आणि फाँट त्यांच्यावर मराठी अक्षरांची रूपे चढवी. त्यामुळे फाइल वाचली पण फाँट गेला, तर ठरावाच्या जागी कंस, टिंबे, डॉलर आणि उच्चारता न येणारी यूरोपीय अक्षरे उरतात. पार्किंगच्या जागावाटपाचा ठराव अशा अवस्थेत गेला की दोन्ही पक्ष त्यातील टिंबांचा आपापल्या बाजूने अर्थ लावू लागतात. म्हणून अनुभवी काका फोटोंच्याही आधी विंडोजच्या पोटातला फाँटांचा फोल्डर उतरवून घेतात, आणि ही अक्कल दुकानात विकत मिळत नाही.

अलीकडच्या काळाने या वर्गाला मान आणि धक्का असे दोन्ही दिले आहेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली, भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, आणि त्यावरचा उपाय म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन एक विशिष्ट फाइल हाताने पुसण्यास सांगण्यात आले. तेव्हा जगाला आपलाच मार्ग धरावा लागला, हे काकांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप, आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागत असल्यामुळे कंपनीच्या लेखी इमारतीतील निम्मे लॅपटॉप एका दिवसात मोडीत निघाले. काकांच्या लेखी ते त्या दिवशी वयात आले. नव्या लॅपटॉपपुढे मात्र काका खरोखर हतबल होतात, कारण त्यांत रॅम बोर्डालाच जोडलेली असल्याने खोडरबराला वाव नसतो, आणि डिस्कवरील मजकूर कुलूपबंद असल्याने विंडोज अडली की ४८ अंकी किल्ली मागितली जाते, जिच्याबद्दल मालकाची जबानी पुन्हा ‘आम्हाला कोणी दिलीच नाही’ अशी असते.

या सेवेचे मानधन प्रथेनुसार दिवाळीच्या फराळाचे एक ताट इतके आहे आणि त्यात गेल्या अनेक वर्षांत वाढ झालेली नाही. तेव्हा ज्या वाचकांच्या घरी जुना लॅपटॉप अपडेटच्या मध्यावर अडकून बसला असेल, त्यांनी तो काकांकडे नेताना चार्जर बरोबर न्यावा, कारण काकांच्या कपाटातील चार्जरांपैकी एकाचीही पिन कधी जुळत नाही. पासवर्ड कागदावर लिहून न्यावा. जे केले ते पहिल्या प्रश्नालाच सांगून टाकावे. आणि जेवणाच्या टेबलावर आधीचे दोन लॅपटॉप उघडे पडलेले असल्याने, काकूंनी चहा विचारल्यास नको म्हणावे.