मोबाइलवर फिरून असोद्यातले घर विकावे कसे, घ्यावे कसे

जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली कवयित्री बहिणाबाई चौधरी जन्मल्या. सुगरणीच्या खोप्याची त्यांनी केलेली पाहणी मराठीत अजून कुणाला ओलांडता आलेली नाही, आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. आता गावातली पोरे पुण्यात नाहीतर परदेशात असतात आणि गावठाणातल्या घराला कुलूप असते. ते विकायला काढले की गिऱ्हाईक आधी मोबाइलवरच्या फेरीची लिंक मागते. अशा वेळी दोन्ही पक्षांनी पुढील सूचना काटेकोर पाळाव्यात.

विकणाऱ्यासाठी

चित्रीकरण डिसेंबरात, सकाळी नऊला उरकावे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. स्लॅबखालचा उकाडा कॅमेऱ्याला दिसत नाही हे खरे, पण कॅमेरावाल्याचा घामेजलेला चेहरा आरशात दिसतो. शिवाय अंतर मोजायला इन्फ्रारेड वापरणारा कॅमेरा थेट उन्हात गोंधळतो. मागचे अंगण शेजाऱ्याने दोन हात आत घेतले असेल, तर ते न दाखवायला एवढे शास्त्रीय कारण पुरे.

लोखंडी कपाटाचा आरसा झाकावा, असे जाणकार सांगतात. उघडा राहिला तर आरशापलीकडे आणखी एक खोली आहे असा यंत्राचा समज होतो. काही मालकांना हा दोष वाटत नाही.

३६० अंशांचा कॅमेरा पाठीला पाठ लावलेल्या दोन फुगीर भिंगांतून दोन अर्धगोल टिपतो आणि संगणक ते एकमेकांना शिवतो. एवढ्या रुंद नजरेत समोरची भिंत लांब पळते आणि दहा बाय दहाची खोली दिवाणखाना होऊन बसते. मापाची टेप कुठेही दिसू देऊ नये. खाली पाहिल्यावर तिपाई दिसते, ती लपवायला दलालाच्या नावाची गोल चकती चिकटवतात. म्हणून तिपाई नेहमी उखडलेल्या फरशीवरच उभी करावी.

घर धाब्याचे असेल तर पंचाईत आहे, कारण हा कॅमेरा छतही पाहतो. पावसाळ्यात धाब्यातून उतरलेल्या ओलीचे डाग चुन्याच्या एका हाताने जातात. मात्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधले कलम ५५ म्हणते की, मालकाला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न सापडणारा महत्त्वाचा दोष मालकाने स्वतःहून सांगायचा असतो. फेरीत हे कलम कोणत्या भिंतीवर टांगावे, हे ॲप सांगत नाही.

घेणाऱ्यासाठी

फेरीत ओसरी दिसते, माजघर दिसते, मोरीही दिसते. मालकाच्या बहिणी दिसत नाहीत. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तो तिला जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा लिंक बंद करून मालकाच्या लग्नाचा अल्बम मागवावा. त्यात बहिणी एका ओळीत उभ्या असतात, मोजायला सोप्या पडतात. मग खरेदीखतावर तितक्या सह्या आहेत का, ते पाहावे.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. मालक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुढे करील, पण तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत सरकार ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देते. घराची ही एकच फेरी अशी, की जिच्यात खोल्या मोठ्या दिसत नाहीत. पत्रिका निघाली असेल तर ती आधी पाहावी.

जळगावात नव्या इमारतीतला फ्लॅट घेणाऱ्याला संगणकाने सजवलेली फेरी दाखवतात. तिच्यात सोफा असतो, फुलदाणी असते, इमारत मात्र अजून पायात असते. अशा वेळी सोफ्याची स्तुती करावी आणि गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराचा नोंदणी क्रमांक विचारावा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. फेरी परत परत फिरण्याऐवजी तो एकदा स्कॅन करावा आणि चटई क्षेत्र वाचावे. जाहिरातीतली किंवा नमुना फ्लॅटमधली खोटी माहिती खरी मानून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर रेरा कायद्याचे कलम १२ भरपाई देते आणि प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्याला व्याजासह परतावा.

उरलेली माहिती शेजारच्या ओट्यावर मिळते. नळाला पाणी कितव्या दिवशी येते, भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजली की धूर कुणाच्या खिडकीत शिरतो, भिंत सामायिक आहे की वादातली, हे सगळे तिथे चहासोबत आणि न विचारता कळते.

एवढे करूनही घर मोबाइलवरच पसंत पडले, तर हरकत नाही. मात्र शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय पुरी होत नाही. मालक परदेशी असेल आणि त्याच्या वतीने मुखत्यार सही करणार असेल, तर ते मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्याचे मुद्रांक शुल्क भरले आहे ना, एवढे बयाणा देण्याआधी तपासून घ्यावे.