ओएमआर उत्तरपत्रिकेवरील गोलास अनावृत पत्र

रा. रा. गोल यांस,
मु. पो. उत्तरपत्रिका, शिष्यवृत्ती परीक्षा, इयत्ता आठवी



दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेत आपले राज्य सुरू होते. जादा तास, सराव संच, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. मराठीच्या तासाला मराठी होत नाही याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पालक भेटले की एवढेच विचारतात, "सर, आमचा गोल नीट भरतो ना?"

पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, वेळ 90 मिनिटे. म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. तेवढ्यात उतारा वाचायचा, समजून घ्यायचा, चार पर्याय पारखायचे आणि बॉलपेनने आपणांस काठोकाठ भरायचे. समजून घेणे यात बसेना, म्हणून आम्ही तेवढेच वगळले. आम्ही सांगतो, आधी प्रश्न वाच, त्यातला शब्द उताऱ्यात शोध, सापडला की पुढे चल. उताऱ्यातल्या माणसाचे पुढे काय झाले, ही चौकशी करत बसू नकोस. काहीच सुचले नाही तरी एखादा गोल रंगव, चुकल्यास गुण कापत नाहीत.

इतके बजावूनही काही मुले उतारा वाचतातच. सराव संचात एका विहिरीचा उतारा होता. नळ आल्यावर गाव विहीर विसरते, कचरा टाकते. दुष्काळात नळ कोरडे पडतात, तेव्हा सगळे मिळून गाळ काढायला जातात, तर तीही आटलेली. योग्य शीर्षक निवडा: पाणी हेच जीवन, श्रमदानाचे महत्त्व, एकीचे बळ, आमचे गाव. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, 'आटल्यावर आठवली' असं दिलं तर?" उतारा लिहिणाऱ्यालाही हे सुचले नसते. मी म्हणालो, "छान आहे गं, पण गोल कुठला?" तिने निमूटपणे दुसरा रंगवला. उत्तरसूचीतही तोच होता. दोन गुण मिळाले.

आठवीला आपली आणखी एक मेहेरबानी आहे. वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण. एका प्रश्नाला दोन उत्तरे असू शकतात हे आपण मान्य केलेत, आनंद वाटला. फक्त तीही दोन्ही आधीच छापलेली.

लेखनाचे तर विचारूच नका. भाषेची परीक्षा, आणि मूल अथपासून इतिपर्यंत एक वाक्य लिहीत नाही. 'पाचावर धारण बसणे' याचा अर्थ बिनचूक रंगवणाऱ्या आमच्या एका हुशार विद्यार्थ्याला मी वाक्यात उपयोग करायला सांगितला. त्याने लिहिले, "एसटीत पाचावर धारण बसली होती, म्हणून मी सहावर बसलो." आपल्या लेखी त्याला पैकीच्या पैकी.

शालेय शिक्षणाची 'असर' पाहणी करणारे लोक मुलाच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा मजकूर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतात. 2018 साली देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या साधारण चारांपैकी एकाला तो धड वाचता आला नव्हता. आपणांस कान नाहीत, त्यामुळे आपला दोष नाही.

आपले उपकारही विसरून चालणार नाही. राज्यभरातल्या उत्तरपत्रिका यंत्र झटपट तपासते, अक्षर पाहत नाही, आडनाव पाहत नाही. पाड्यावरच्या पोराला आणि पुण्यातल्या पोराला एकच माप. शिष्यवृत्तीच्या पैशात काही घरांत पोरीचे पुढचे शिक्षण निभावते, म्हणून तर आम्हीही जानेवारीत रविवारची शाळा भरवतो.

तेव्हा निघून जा असे म्हणत नाही. परीक्षा परिषदेत आपल्या शब्दाला वजन आहे, म्हणून एवढेच सुचवावे: भाषेच्या पंचवीसपैकी दोन प्रश्नांतून आपण बाजूला व्हावे आणि तिथे चार कोऱ्या रेघा ठेवाव्यात. मुलाने स्वतःचे शीर्षक द्यावे आणि तेच का दिले ते दोन वाक्यांत लिहावे. तपासायला माणसे लागतील, निकाल लांबेल, गुणांवरून भांडणे होतील. तपासायला आम्ही येऊ, मे महिन्याच्या सुट्टीतही येऊ. फक्त रेघा छापून घ्या.

आपला,
आठवीचा एक मराठी शिक्षक