पत्ता बदलला आहे, कळावे

मायक्रोसॉफ्टने २०२० साली फर्मान काढलं: अझूर एडी ग्राफ हा जुना एपीआय बंद होणार, सगळ्यांनी मायक्रोसॉफ्ट ग्राफ या नव्याकडे यावं. मुदत ३० जून २०२२. ती आली नि गेली. मग २०२३, मग २०२५. आजचं मरण उद्यावर ढकलावं ते फक्त आपल्या सरकारी खात्यांनीच, हा गैरसमज तेवढा दूर झाला. मधल्या काळात खुद्द अझूर एडी या लॉगिन-सेवेचंच पुन्हा बारसं होऊन ती ‘एन्ट्रा आयडी’ झाली.

काम तसं काय? ‘ग्राफ डॉट विंडोज डॉट नेट’ खोडायचं, ‘ग्राफ डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ लिहायचं. साहेबांच्या मते अर्ध्या तासाचं. पण जुन्या पत्त्यासाठी काढलेलं टोकन नव्या दारात चालत नाही. ते कुणासाठी दिलंय हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. मग सर्व्हरचे नकार सुरू: ४०१ म्हणजे ‘आपण कोण?’, ४०३ म्हणजे ‘ओळखलं, पण बाहेरच थांबा’. परवानग्या नव्याने मागायच्या, त्यातल्या बऱ्याचशांना ॲडमिनची मंजुरी हवी, आणि ॲडमिन रजेवर. एवढं करून आत शिरावं, तर कालचं ‘ऑब्जेक्टआयडी’ हे फील्ड आज नुसतं ‘आयडी’!

तेव्हा मंडळी, पत्ते कोडमध्ये कोरू नका, कॉन्फिगमध्ये ठेवा. पुढचं फर्मान येईलच.