तात्यांचा गळीत हंगाम

पैसे गेल्याचं दुःख सगळ्यांनाच होतं. पण पैसे कुठून गेले हे न कळल्याचं दुःख ज्याला होतं, त्याला तात्या म्हणतात. असे तात्या बहुतेक प्रत्येक गल्लीत असतात. पेट्रोल पंपावर पोराला शून्य दाखवायला लावणारे तेच, आणि तिकिटामागं कंडक्टरनं लिहून दिलेला रुपया वसूल केल्याशिवाय एसटीतून न उतरणारेही तेच. बारामतीत भिगवण रोडला आमच्या गल्लीत ही जागा बरीच वर्षं रिकामी होती. गेल्या दसऱ्याला ती भरली.

तात्या मूळचे इंदापूर तालुक्यातले. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. तात्या त्याच रस्त्यानं उलटे आले. मुलानं नवा बंगला बांधला होता. सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारच्या मानाच्या जागी तांब्याचा बंब होता आणि काकू मागं गाद्यांवर होत्या. या बंबानं गावाकडं तीस-पस्तीस वर्षं तुराट्या, मक्याची बुरकुंडं आणि पाचट खाऊन घरादाराला अंघोळी घातल्या होत्या. "बंबाला राख असते, बिल नसतं," हे तात्यांचं वाक्य आम्ही पहिल्याच आठवड्यात पाठ केलं.

पाणी तापवणं हा तात्यांचा पिढीजात नसला तरी पगारी धंदा होता. साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांची सारी नोकरी गेली. गेज ग्लासमधली पाण्याची रेघ आणि ४५ किलोवर थरथरणारा प्रेशरचा काटा यांच्याकडं त्यांनी जितक्या प्रेमानं पाहिलं, तितकं काकूंकडं पाहिल्याची नोंद नाही. नोंद असती तर ती तात्यांनीच केली असती, कारण दर तासाला लॉगशीट भरायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती.

नव्या घराच्या गच्चीवर सोलरची दोनशे लिटरची टाकी होती. आलेल्या पाहुण्याला तात्या देवघराआधी मोरीत नेत. "नळ सोडा. हात धरा. पोळला? फुकट!" पोळलेला हात झटकत पाहुणा मान डोलावे. "चाळीस टन बगॅस जाळून जे व्हायचं नाही, ते सूर्यनारायण बसल्या जागी करतोय." आकडा जास्त होता, पण बॉयलरवाल्याशी बगॅसवरून कोण वाद घालणार?

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला पहिलं पूर्ण महिन्याचं लाईट बिल आलं. ३३१ युनिट.

गावाकडच्या घरात आकडा कधी ११८च्या वर गेला नव्हता. तात्यांनी बिल आधी उजेडात धरलं, मग उलटं धरलं, मग माझ्याकडं आणलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क, असं सगळं त्यांनी मला कीर्तनकारासारखं उलगडून सांगितलं. पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा, तिथून तीनशेपर्यंतचा त्याहून बराच चढा आणि तीनशेच्या पुढं आणखी चढा. त्यामुळं युनिट तिपटीलाही पोचले नव्हते, पण रक्कम तिप्पट ओलांडून पुढं गेली होती. "म्हणजे उसाला पाणी जास्त झालं की नुसता ऊस वाढत नाही, तणपण वाढतं," ते म्हणाले. मला इतक्या सोप्या शब्दांत बिल कुणी समजावलं नव्हतं.

मग तपास सुरू झाला.

पहिला आरोपी आकाशकंदील. दिवाळी संपून गेली होती, तरी त्याला गच्चीवरून उतरवून जबानी घेण्यात आली. छोट्या एलईडीच्या माळेचे वॅट मोजल्यावर तो निर्दोष सुटला. दुसरा आरोपी नातवाचा चार्जर. तिसरा संशय शेजाऱ्यांवर, म्हणजे माझ्यावर. तात्या दोन दिवस संध्याकाळी आमच्या कंपाउंडच्या भिंतीकडं "फुलं छान आलीत" म्हणत वायर शोधत होते. आमच्याकडं फुलझाडच नाही. चौथा आरोपी मीटर. वायरमन आला, बघून म्हणाला, "तात्या, मिटर बरोबर हाय. तुमची लाईटच तेवढी जळतीय."

हे वाक्य तात्यांना लागलं. त्यांनी शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या आणि मीटरखाली खुर्ची टाकली. दर तासाला आकडा. रात्री बाराला आणि पहाटे चारलाही. कारखान्यात ते तिसरी पाळी करायचे तेव्हा कमी जागले असतील. चार दिवसांनी निष्कर्ष निघाला: मीटर पळतं ते सकाळी सात ते अकरा.

सात ते अकरा घरात कोण वावरतं? सूनबाई.

पाचवा आरोपी मिक्सर. तात्या थेट काही बोलले नाहीत, ते फक्त स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "आमच्या आईची पाट्यावरची चटणी वेगळीच लागायची." दुसऱ्या दिवशी मिक्सर माळ्यावर आणि पाटा-वरवंटा ओट्याखाली. याच दरम्यान सगळं घर दोन दिवस इंदापूरला लग्नाला गेलं. परतल्यावर तात्यांनी चपला न काढता मीटर पाहिलं. फ्रीज चालू असून दोन दिवसांत जेमतेम दोन युनिट! "बघा," ते मला म्हणाले, "घर बिल खात नाही. माणसं खातात." सूनबाईंनी वरवंटा जरा जोरात ठेवला.

पण मिक्सर माळ्यावर असूनही सात ते अकरा मीटर पळतच राहिलं. मग एका रविवारी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर तात्यांनी फर्मान काढलं: घरातलं प्रत्येक बटण बंद, फ्रीजची पिन बाहेर. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत होता. मीटरवर छापलेलं होतं की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तात्यांनी वैद्य नाडी धरतो तशी मीटरच्या पेटीवर दोन बोटं ठेवली आणि मला घड्याळ धरायला लावलं. मिनिटाला १०७. वहीवर गुणाकार-भागाकार झाला. तासाला दोन युनिट. दोन हजार वॅट.

तात्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "दोन हजार वॅट," ते पुटपुटले, "म्हणजे कॉइल."

ते जिना चढू लागले. मी मागं. गच्चीच्या दाराशी वास्तुशांतीच्या सतरंज्यांची वळकटी भिंतीला टेकून उभी होती. तात्यांनी ती बाजूला केली. मागं एक जाड बटण होतं आणि त्यावर, महिनाभर सतरंजीच्या कुशीत तेवत असलेला, एक लाल दिवा.

सोलरच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेचं कॉइल असतं. वास्तुशांतीला पन्नासेक पाहुणे मुक्कामी होते आणि आभाळ भरलेलं होतं. त्या पहाटे हे बटण कुणी दाबलं, हे मी विचारलं नाही. दसरा म्हणजे कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा मोसम. आणि एकदा पेटवलेला बॉयलर हंगाम संपेपर्यंत विझवायचा नसतो, हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याला काय विचारायचं? रोज सातला अंघोळी व्हायच्या, टाकीत गार पाणी यायचं, कॉइल कामाला लागायचं. अकराला ऊन तापेपर्यंत टाकी कढत. सूर्यनारायण नेमानं कामावर हजर व्हायचा आणि गेटवरून परत जायचा. तात्यांनी त्याला महिनाभर ले-ऑफ दिला होता. इंदापूरच्या लग्नावेळी अंघोळीच नव्हत्या, म्हणून कॉइलही गप्प होतं.

तात्यांनी बटण बंद केलं. खाली येऊन वहीत, लॉगशीटच्या शेवटच्या ओळीत, सुबक अक्षरात लिहिलं: सकाळी ८.४०, हंगाम समाप्त.

"मामा, सापडलं का?" सूनबाईंनी विचारलं.

"लिकेज होतं. काढलं."

"कुठं होतं?"

"बॉयलर हाऊसला." एवढं बोलून ते स्टूल घेऊन माळ्याकडं गेले, मिक्सर खाली काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि ओट्यावर ठेवून दिला. "पाट्यावरच्या चटणीत कचकच येती हल्ली," ते भिंतीकडं बघून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर घरघरला तेव्हा मी मुद्दाम खिडकीतून पाहिलं. तात्या मीटरकडं गेले नाहीत. ते सतरंज्यांची वळकटी नव्यानं रचण्याच्या निमित्तानं जिना चढत होते.