तटबंदीवाले बापू

आमच्या गल्लीतल्या बापूंचा जीव कशात असेल तर तो कुंपणात. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात दुसऱ्यांचं पाणी राखण्यात गेली. निवृत्त झाल्यावर राखायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःचंच सगळं राखायला घेतलं. घराला कंपाउंड, कंपाउंडवर काचा, काचांवर काटेरी तार. आत पेरूचं एकच झाड, त्याला वेगळी जाळी. पेरू झाडावरच पिकून पडतात, कारण जाळीतून बापूंचाही हात आत जात नाही.

अशा माणसाला विद्यानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं ‘सिव्हिलायझेशन 6’ शिकवला. 2016 सालचा हा कॉम्प्युटरवरचा खेळ. नकाशाला षटकोनी घरं. आपली टर्न झाली की समोरच्याची. घाई कसलीच नाही. बापू एका टर्नला एक चहा पितात.

बापूंनी चीन घेतला. का, तर ‘‘त्यांच्याकडं भिंत हाय.’’ त्या खेळात चीनला सरहद्दीवर लांबलचक भिंत बांधता येते, पण फुकट नाही. ज्या घरात भिंत आली, तिथं शेत होत नाही, खाण होत नाही. बांधकाम करणारा गडीही ठरावीक कामं करतो आणि संपतो. बापूंनी गड्यामागून गडी भिंतीला जुंपला. शहराला शेत मिळेना, माणसं वाढेनात.

‘‘मामा, लोक उपाशी आहेत,’’ भाचा म्हणाला.

‘‘असू दे की! सुरक्षित हायत ना?’’

शेजारचं राज्य तोवर शेतं पिकवत, शाळा काढत पुढं निघून गेलं. शेवटी ते विमानं घेऊन आलं. बापू बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘वरनं यायचं म्हंजे चीटिंग झालं.’’

बापूंना इतिहासाचं वावडं आहे असं नाही. दर रविवारी पहाटे ते सदाशिवगड चढतात. वर गेल्यावर तटाचे उरलेले दगड हातानं चाचपतात आणि ‘‘काय बांधणी हो!’’ म्हणून सोबतच्या माणसाला थांबवून ठेवतात. पायऱ्यांची एवढी खोल विहीर शेजारीच आहे, तिच्याकडं मात्र ते पाणी प्यायला लागलं तरच बघतात. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्रही त्यांच्या कपाटात आहे, अर्थात कुलपात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो ग्रंथ. त्यातला दुर्गांचा भाग बापू मोठ्यानं वाचून दाखवतात, पण निवडक. अमात्य म्हणतात, गड बांधण्याआधी तिथं पाणी आहे का ते बघा. नसेल तर खडक फोडून टाकी खोदा. हे बापू गाळतात. अमात्य असंही म्हणतात की गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष. दोन-तीन दरवाजे ठेवावेत, चोरदिंड्या ठेवाव्यात. तिथं तर बापू पानच उलटतात. भाच्यानं एकदा ते पान मागं फिरवलं, तर म्हणाले, ‘‘ते त्या काळापुरतं होतं.’’

मग बापूंनी मळ्याला कुंपण घातलं. मळा कृष्णाकाठचा, ऊस डोक्याच्या वर गेलेला. शेजाऱ्याशी बांधावरून जुनं भांडण, त्यामुळं चारी बाजूंनी सिमेंटचे खांब आणि सात पदरी तार. फाटक एकच, बापूंची लुना जाईल एवढं. बापू रोज लुनावरून आत जात, ऊस मोजल्यासारखा बघत आणि कुलूप लावून बाहेर येत. एक कांडं चोरीला गेलं नाही.

हंगामात तोडीची पाळी आली. टोळी आली, ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. मुकादम खाली उतरला, फाटकासमोर उभा राहिला, दोन्ही हात पसरून त्यानं माप घेतलं. हात पुरते पसरलेच नाहीत.

‘‘बापू, ऊस काय लुनावरनं न्यायचा?’’

बापूंनी तारेकडं बघितलं, खांबाकडं बघितलं. खांब काढायला जीव होईना. टोळी तासभर थांबली, बिड्या ओढल्या आणि पुढच्या मळ्यात गेली. भाचा हळूच म्हणाला, ‘‘मामा, तुमची टर्न गेली.’’

टोळी परत यायला पुष्कळ दिवस लागले. तोवर उसाला तुरे आले, वजन घटलं. शेवटी ऊस निघाला तो शेजाऱ्याच्या रानातून. त्याच्या बाजूचे चार खांब उपटले, त्याच्या हरभऱ्याच्या कडेनं ट्रॉल्या काढल्या. शेजारी बांधावर उभा राहून बघत होता. नुकसानभरपाई मागितली नाही, एवढंच म्हणाला, ‘‘कुंपण तुमचं, बापू, पण वाट माझी.’’

बापू त्यातून काही शिकले का? शिकले. यंदा फाटक रुंद केलं आहे. त्याला तीन कुलपं आहेत आणि तिसऱ्याची किल्ली सापडत नाही.

बापूंना हसणं सोपं आहे. पण शत्रू आत येऊ नये म्हणून आपण जे बांधतो, त्यात आपलंच धान्य, पाणी आणि पाहुणा अडकतो, हे खेळात कळतं तेवढं शिवारात कळत नाही. तेव्हा रानाला कुंपण घालायचं मनात असेल, तर आधी एक भरलेली ट्रॉली आतून बाहेर काढून बघा. खांब त्यानंतर रोवा.