नायकाला दोष हवा

ज्यांची कादंबरी कायम ‘होत आली’ असते, असे एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. आमचे बँकेतून निवृत्त झालेत. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणतो, पाठीमागे कादंबरीकार. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या फुलस्केप वह्या तयार आहेत, पेनात शाई आहे, पहिलं वाक्यही ठरलंय. घोडं अडलंय ते नायकाच्या दोषापाशी.

“नायक गुणी निघाला की वाचक जांभया देतो,” हातात दुधाची पिशवी घेऊन ते जिन्यात मला अडवतात. “आपला ययाती बघा! पोटच्या पोराकडे तारुण्य मागणारा बाप! खांडेकरांनी १९५९ साली रंगवला आणि १९७४ चं ज्ञानपीठ घेऊन गेले. दोष दणदणीत हवा!”

“मग लिहा की.”

“नेमाड्यांनी पंचविशीत ‘कोसला’ लिहिली, ठीक आहे. त्यांना काय हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं?”

दाखला, गॅसचा नंबर, प्लंबर, नातवाची शाळेची बस यांतून उरलेल्या वेळात काका दोष गोळा करतात. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी हिशेब गुंडाळू लागले की काका माझ्या कानात म्हणतात, “हा नायकाला!” तेराव्याच्या पंगतीत कुणी तिसऱ्यांदा जिलबी मागितली, “हा नायकाला!” मी घरात बसून फोनवर “बाहेर आहे” म्हणालो, तर ते दारातूनच ओरडले, “वा! हा तर नायकालाच!” हल्ली बेल वाजली की बायको आतून सांगते, “अहो, काका आलेत. दोष न्यायला.”

बरं, नेलेला दोष नायकाकडे टिकेल तर शपथ. चार दिवसांत काका तो परत आणतात. “जिलबीचं रद्द केलं हो. घरी सूनबाई साखरेच्या डब्याला कुलूप लावते त्यांच्या. माणूस बाहेर नाही खाणार तर कुठे खाणार?” सेक्रेटरींचा हिशेबही परत आला. दोन थकलेल्या भाडेकरूंचा मेंटेनन्स ते स्वतःच्या खिशातून भरत होते आणि तेच लपवत होते. अशाने नायक पुन्हा धुतल्या तांदळासारखा, आणि कादंबरी पुन्हा अडलेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एकाची नोकरी गेली. घरी न सांगता तो रोज डबा घेऊन निघायचा आणि सारसबागेत जाऊन बसायचा. एवढा भरगच्च दोष, पण काकांनी तो नायकाला दिला नाही. आम्हाला सगळं कळलं ते त्याला दुसरी नोकरी लागल्यावर, त्याच्याच तोंडून. तोवर दुपारी त्याच्या शेजारी बाकावर कोण बसायचं, हेही त्यानेच सांगितलं. काकांना विचारलं तर म्हणाले, “लिहायला बसणार होतो हो, पण प्लंबर आला.”

मी मात्र वेळेवर लिहितो. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला श्रावणातच दिवाळीचा घाम फुटतो. यंदाही माझी कथा गेली. नायक दारू पितो, बायकोवर ओरडतो, शेवटी पावसात उभा राहतो. संपादक खूश.

काकांनी ती दोनदा वाचली. “दोष छान आहे,” म्हणाले. “पण त्याला तो कुठून लागला, हे तुम्ही त्याला विचारलंच नाहीत.”

काकांची कादंबरी होणार नाही, हे सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी जो तो आपला दोष आधी त्यांच्याकडेच घेऊन जातो. तेव्हा तुमच्याकडे असे कुणी कादंबरीकार असतील, तर कादंबरी कुठवर आली, हे त्यांना विचारू नका. लिहिणारे आम्ही पुष्कळ आहोत.