आलं का?

आमच्या सोसायटीत 'त्यांना विचारा' असं कुणी म्हणालं, की ते म्हणजे मी. कॉम्प्युटरबद्दलचं माझं एकूण ज्ञान 'बंद करून परत चालू करा' एवढंच आहे. पण ते सांगण्याआधी मी डोळे बारीक करून चार सेकंद गप्प बसतो. त्या चार सेकंदांवर वीस वर्षं माझा दबदबा टिकून आहे.

परवा माझाच लॅपटॉप चालू केला, तर बटणाचा दिवा लागला, पंखा घरघरला आणि स्क्रीन काळीठिक्कर. बंद करून परत चालू केला. डोळे बारीक केले. पाच सेकंद गप्प बसलो. काही नाही.

संध्याकाळी लेख द्यायचा होता. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं; आत साठलेली वीज त्याने निघून जाते म्हणतात. ती गेली असेल, अंधार गेला नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशा चार कळा एकदम दाबल्या. आतून 'टुक्' असं वाजलं. कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागत होता, परत दाबलं की विझत होता. "पेशंट शुद्धीवर आहे, नुसते डोळे उघडत नाही," असं मी मोठ्याने जाहीर केलं, कारण आई शेजारी शेंगा सोलत बसली होती.

मग मागचं झाकण खोलून रॅमची पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात भाचीच्या खोडरबराने घासले. हसू नका, हा उपाय खरा आहे. दातांवर मळ बसला की मशीन अडून बसतं. खोडरबर मात्र स्ट्रॉबेरीच्या वासाचा होता. आता समोर एक काळा लॅपटॉप होता आणि त्याला जेलीचा वास येत होता.

आई म्हणाली, "एक थापटी मारून बघ की."

थापटी! आमच्या जुन्या, लाकडी शटरच्या टीव्हीला थापटी कुठे मारायची हे घरात फक्त बाबांना ठाऊक होतं. उजव्या अंगाला, वरून चार बोटांवर, तळहात किंचित खोलगट करून. मी मारली की चित्र नुसतं वर सरकायचं; नायिकेचे पाय वर आणि डोकं खाली. पण थापटी हा घरगुती उपाय झाला. खरा आजार अँटेनाचा. पुण्यात सगळ्या गच्च्यांवरच्या अँटेनांची तोंडं सिंहगडाकडे, कारण टीव्हीचा मनोरा गडावर. वारा सुटला किंवा एखादा कावळा अंमळ जास्त वेळ टेकला, की पडद्यावर मुंग्या. मग बाबा लेंगा खोचून गच्चीवर, मी खिडकीत, आई टीव्हीसमोर. बाबा वरून ओरडणार, "आलं का?" आई आतून, "आलं, आलं... गेलं!" मी ते वर पोचवणार. कधी आवाज यायचा आणि चित्र जायचं. सिंहगडाच्या बाबतीत एक येणं आणि एक जाणं पुण्याला काही नवीन नाही. शेवटी चित्र स्थिर झालं, की मी "आलं!" असं ओरडून आत पळायचो. सगळं घर सिनेमा बघत बसायचं. बाबा मात्र बराच वेळ खाली यायचे नाहीत. हात सोडला की चित्र जायचं, म्हणून ते दांडा धरून वरच उभे असायचे. रविवारच्या किती सिनेमांची पहिली रिळं त्यांनी अशी नुसती आमच्या हसण्यावरून ऐकली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

असो. मला एकदम सुचलं, की स्क्रीनच्या मागचा दिवाच गेला असेल तर? एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. मागे दिवा असतो. तो गेला तरी चित्र तिथेच असतं, फक्त दिसत नाही. "आई, तुझा टॉर्च आण."

तिने तिरपा उजेड टाकला आणि अंधारातून फिकट, भुतासारखं चित्र वर आलं.

"आलं का?" ती म्हणाली.

"आलं. थोडं डावीकडे. हां, तिथेच."

"अरे, पण हे शाल पांघरलेलं कोण?"

मीच होतो. सत्काराचा फोटो मी मागे लावून ठेवला आहे. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो बघतो, हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. "नारळ कुठे गेला मग?" तिने टॉर्च आणखी जवळ नेला. ऐंशीच्या पुढची बाई, हात थरथरतो. उजेड ओळीवरून घसरला की शब्द बुडायचे. त्या थरथरत्या उजेडात, एकेक ओळ शोधत, मी लेख पुरा करून पाठवला. पाऊण तास ती उभी होती. बस म्हटलं तर म्हणाली, "बसले की कोन बदलतो."

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतल्या एका पोराकडे गेलो. बॅकलाइट, डिस्प्ले केबल, रॅम असे सगळे शब्द पाजळले. त्याने मान वर केली नाही. "काका, झाकण एका कोपऱ्याला धरून उघडता ना? बिजागरीतली वायर तुटलीये. मधोमध धरून उघडत जा." मग नाक मुरडत, "वास कसला येतोय हो?"

मी डोळे बारीक करून चार सेकंद गप्प बसलो.

आता स्क्रीन लख्ख आहे. रात्री लिहायला बसलो, तर आई दारात येऊन उभी राहिली. हातात टॉर्च.

"धरायचाय का? सेल नवे घातलेत."